विश्लेषण : ‘रेडिओहेड’ ऐकायला अवघड का वाटते? नव्या श्रोत्याने सुरुवात कुठून करावी?

ब्रिटनमधील ‘रेडिओहेड’ या रॉक बँडने २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सात वर्षांनंतर पुन्हा मंचावर पाऊल ठेवले. माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन आणि बर्लिन अशा पाच शहरांमध्ये प्रत्येकी चार कार्यक्रम झाले. त्याआधी त्याच वर्षी त्यांचे १९९७ चे ‘लेट डाउन’ हे गाणे समाजमाध्यमांवरील छोट्या चित्रफितींमधून तरुणांच्या कानांवर पडू लागले आणि २८ वर्षांनी अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत दाखल झाले. साहजिकच या बँडविषयीचे कुतूहल वाढले आहे. तरीही ‘खूप ऐकले आहे त्यांच्याविषयी, पण प्रत्यक्ष ऐकायचा धीर होत नाही’ असे म्हणणारे श्रोते कमी नाहीत. ही धास्ती कशामुळे, ती कितपत खरी आणि नऊ अल्बमच्या या पसाऱ्यात नवख्याने कुठून शिरावे, याचा आढावा.

हा बँड नेमका कोणता?

इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या अबिंग्डन गावातील एका शाळेत १९८५ मध्ये पाच विद्यार्थी एकत्र आले. गायक थॉम यॉर्क, गिटारवादक जॉनी ग्रीनवूड आणि एड ओब्रायन, बेस गिटार वाजवणारा जॉनीचा थोरला भाऊ कॉलिन ग्रीनवूड आणि ड्रमवादक फिलिप सेल्वे. सरावासाठी शुक्रवार ठरलेला, म्हणून बँडचे नावही ‘ऑन अ फ्रायडे’. १९९१ मध्ये ‘ईएमआय’ या बड्या कंपनीशी करार झाला आणि कंपनीच्या सांगण्यावरून नाव बदलले. ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकी बँडच्या एका गाण्यावरून ‘रेडिओहेड’ हे नाव घेतले गेले. तेव्हापासून आजतागायत हेच पाच जण बँडमध्ये आहेत. रॉक संगीताच्या जगात, जिथे भांडणे आणि फाटाफूट हा नित्याचा भाग असतो, तिथे ही गोष्ट विरळाच.

१९९३ ते २०१६ या काळात त्यांचे नऊ अल्बम आले. ‘पाब्लो हनी’ (१९९३), ‘द बेंड्स’ (१९९५), ‘ओके कॉम्प्युटर’ (१९९७), ‘किड ए’ (२०००), ‘अॅम्नेझिअॅक’ (२००१), ‘हेल टु द थीफ’ (२००३), ‘इन रेनबोज’ (२००७), ‘द किंग ऑफ लिम्ब्ज’ (२०११) आणि ‘अ मून शेप्ड पूल’ (२०१६). २०१९ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणजे काय?

१९८० च्या दशकात रॉक संगीत हा मोठा व्यवसाय झाला होता. झगमगीत कार्यक्रम, दूरचित्रवाणीवरील महागडे व्हिडीओ आणि रेडिओवर वाजण्याजोगी ठरावीक साच्याची गाणी यांचा तो काळ. त्याला पर्याय म्हणून छोट्या स्वतंत्र कंपन्या आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे यांच्या आधाराने वेगळे काही करू पाहणारे बँड उभे राहिले. ‘आरईएम’, ‘पिक्सीज’, ‘सॉनिक यूथ’ ही त्यातली ठळक नावे. १९९१ मध्ये ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ प्रचंड लोकप्रिय झाला आणि ‘पर्याय’ हाच मुख्य प्रवाह बनला.

‘रेडिओहेड’चा प्रवेश झाला तो या लाटेत. मात्र लाट ओसरल्यावर बरेच बँड तिच्याबरोबर गेले. या पाच जणांनी दर काही वर्षांनी स्वतःची वाट मोडून दुसरी धरली. त्यामुळे ‘रेडिओहेडसारखे संगीत’ असे म्हटले की कोणत्या वर्षीचा रेडिओहेड, हा प्रश्न विचारावा लागतो. नव्या श्रोत्याच्या गोंधळाचे पहिले कारण हेच.

‘क्रीप’ आवडले, पुढचे का नाही?

बहुतेकांची ओळख ‘क्रीप’पासून होते. १९९२ मधले हे त्यांचे पहिले गाजलेले गाणे. ते आले तेव्हा ब्रिटनमध्ये फारसे चालले नाही. आधी इस्रायलमध्ये आणि मग अमेरिकेत रेडिओमुळे लोकप्रिय झाले आणि १९९३ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केल्यावर मायदेशात पहिल्या दहांत पोहोचले. जी, बी, सी आणि सी मायनर एवढ्या चार कॉर्डवर ते उभे आहे. त्यामुळे गिटार शिकणाऱ्या कोणालाही ते काही दिवसांत वाजवता येते. आपल्याकडेही वसतिगृहाच्या खोल्यांपासून महाविद्यालयीन महोत्सवांपर्यंत ते त्यामुळेच पोहोचले. ध्रुवपदाच्या आधी गिटारचा जो कर्कश खरखराट ऐकू येतो, तो जॉनी ग्रीनवूडचा. गाणे फारच मुळमुळीत वाटत असल्याने त्याने ते बिघडवायचा प्रयत्न केला आणि नेमका तोच भाग गाण्याची ओळख ठरला, असे त्याचे सहकारी सांगतात.

अडचण अशी, की ‘क्रीप’ हे दार असले तरी घर तसे नाही. या गाण्यावर खूश झालेला श्रोता पुढचे पाऊल म्हणून ‘किड ए’ लावतो, तेव्हा त्याला गिटारऐवजी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, तुकडे केलेला आवाज आणि यंत्राचे ठोके ऐकू येतात. आपल्यालाच काही कळत नाही, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात बँडही या एकाच गाण्याच्या ओझ्याला कंटाळला होता. पुढे कित्येक वर्षे त्यांनी मंचावर ते वाजवणे टाळले.

‘किड ए’वरून एवढा वाद का झाला?

‘ओके कॉम्प्युटर’ने बँडला जगभर नाव आणि ‘ग्रॅमी’ मिळवून दिले. संगणक, विमानतळ, महामार्ग आणि जाहिरातींच्या जगात माणसाला येणारे तुटलेपण हा त्याचा विषय. इंटरनेट घरोघर पोहोचण्याआधीच्या या अल्बममधील अस्वस्थता आज अधिक ओळखीची वाटते. पण त्यानंतरच्या जगभ्रमंतीने बँड, विशेषतः यॉर्क, थकून गेला. गिटारवर आधारित गाणी करण्याची इच्छाच उरली नाही.

त्यातून २००० मध्ये ‘किड ए’ आला. त्यातले एकही गाणे स्वतंत्रपणे ‘सिंगल’ म्हणून प्रसिद्ध केले गेले नाही आणि नेहमीसारखे व्हिडीओही काढले गेले नाहीत. यॉर्कने काही ओळी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्या टोपीतून काढल्या आणि तशाच जोडल्या. ‘आँद मार्तनो’ हे १९२८ मधले फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य जॉनी ग्रीनवूडने वापरले. ‘इडिओटेक’ या गाण्याचा पाया संगीतकार पॉल लान्स्की यांच्या १९७३ मधील संगणकीय रचनेच्या एका तुकड्यावर आहे. इतके असूनही अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

समीक्षक मात्र दुभंगले. कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये घेतलेला आक्षेप आजही दखल घेण्याजोगा आहे. अशा अल्बमवर मेहनत घ्यावी लागते, रात्रीमागून रात्र ते ऐकत बसावे लागते. सोळाव्या वर्षी तेवढा वेळ असतो, नोकरी करणाऱ्या माणसाने तो कुठून आणायचा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. ‘रेडिओहेड’ची शिफारस करणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. दिवसभराच्या लोकल प्रवासानंतर आणि कार्यालयातल्या कटकटीनंतर माणसाने गाणे ऐकायचे की त्याचा अभ्यास करायचा?

शब्द कळत नाहीत, हा अडथळा आहे का?

मराठी श्रोत्याचा कान भावगीत, नाट्यगीत आणि अभंगावर तयार झालेला असतो. आपल्याकडे शब्दाला मान मोठा आणि तो स्पष्ट ऐकू यावा ही रास्त अपेक्षा. यॉर्कचे उच्चार मात्र अनेकदा मुद्दाम अस्पष्ट असतात. स्वर लांबवताना तो व्यंजने गिळतो, कधी आवाजावर यंत्राची प्रक्रिया केलेली असते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही कित्येक ओळी छापील पाहिल्याशिवाय कळत नाहीत. त्यामुळे ‘आपले इंग्रजी कमी पडते’ हा न्यूनगंड इथे अनाठायी आहे.

इथे दुसरी सवय उपयोगी पडते. ख्याल ऐकताना बंदिशीचे शब्द किती जणांना पूर्ण कळतात? आणि बडा ख्याल सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कोणी निकाल देत नाही. गवई स्वर लावतो, वातावरण तयार करतो, तोवर श्रोता थांबतो. ‘रेडिओहेड’च्या गाण्यांतही आवाज हे अनेक वाद्यांपैकी एक वाद्य मानून ऐकले, तर निम्मी अडचण दूर होते.

तालाचेही तसेच. पाश्चात्त्य पॉप बहुतांशी चार मात्रांत चालते; त्यामुळे तिथल्या श्रोत्याला या बँडच्या पाच किंवा सात मात्रांच्या गाण्यांत अडखळल्यासारखे होते. ‘फिफ्टीन स्टेप’ आणि ‘मॉर्निंग बेल’ पाचात आहेत, ‘टू प्लस टू इक्वल्स फाइव्ह’चा मोठा भाग सातात आणि ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ दहा मात्रांच्या आवर्तनात. ही मोजणी झपताल किंवा रूपकासारखी नाही, खाली-भरीचा हिशेबही तिथे नाही. पण दहा किंवा सात मात्रांवर मान डोलावण्याची सवय असलेल्या कानाला त्याचे भय वाटण्याचे कारण नाही.

ही गाणी फार उदास असतात का?

हा आक्षेप सर्वांत जुना आणि अंशतः खरा. ‘क्रीप’ सुरुवातीला ‘बीबीसी’च्या रेडिओवर फारसे वाजले नाही, त्याचे कारणही ते अतिशय निराश करणारे आहे, असेच सांगितले गेले. एकटेपणा, भीती, पर्यावरणाचा ऱ्हास, सत्ताधाऱ्यांचा खोटेपणा हे त्यांचे नेहमीचे विषय आहेत.

मात्र विषय उदास असणे आणि संगीत उदास करणारे असणे, यात फरक आहे. ‘नो सर्प्रायझेस’ हे त्याचे चांगले उदाहरण. लहान मुलांच्या वाद्यासारखा किणकिणणारा ग्लॉकनश्पील आणि अंगाईसारखी चाल. गाणे मात्र नोकरीने झिजलेल्या, शांततेची भीक मागणाऱ्या माणसाचे. ‘लेट डाउन’ची सुरुवात थकव्यातून होते, पण शेवटाकडे यॉर्कचेच दोन आवाज एकमेकांवर चढत जातात आणि गाणे जमिनीवरून उचलले जाते. ते नव्या पिढीने उचलून धरले, ते बहुधा या शेवटासाठी. दुःखाला कोणीतरी नेमका आवाज दिला, की ऐकणाऱ्याचे ओझे हलके होते. करुण रसाचा अनुभव आपल्याला नवा नाही.

अर्थात, मन आधीच फार खचलेले असताना ‘हाउ टु डिसअपिअर कम्प्लिटली’ किंवा ‘एक्झिट म्युझिक’ यांनी सुरुवात करू नये, हे सांगणेही शिफारस करणाऱ्याचे काम आहे.

मग सुरुवात कुठून करावी?

चाहते बहुधा दोन चुका करतात. एक तर स्वतःचा सर्वांत आवडता, म्हणजे बहुधा सर्वांत अवघड अल्बम नवख्याच्या हाती देतात किंवा १९९३ पासून क्रमाने ऐकायला सांगतात. पहिला अल्बम हा त्यांचा सर्वांत कच्चा अल्बम असल्याने दुसरा मार्गही फसतो.

त्यापेक्षा ‘इन रेनबोज’पासून सुरुवात करणे सोयीचे. दहा गाणी, जेमतेम ४३ मिनिटे. गिटार आणि यंत्र यांचा समतोल येथे साधला आहे आणि यॉर्कचा आवाज सर्वाधिक उबदार आहे. ‘वीअर्ड फिशेस’मध्ये गिटारच्या स्वरांचे छोटे तुकडे एकमेकांत गुंफत जातात, एका वेळी एकच गिटार पकडून ऐकले, तर गाणे कसे बांधले आहे ते उलगडते. ‘रेकनर’ आणि ‘न्यूड’ ही दोन गाणी ज्याला सुरेलपणा हवा त्याच्यासाठी. याच अल्बममधील गाण्यांचे स्टुडिओत प्रत्यक्ष वाजवतानाचे ‘फ्रॉम द बेसमेंट’ हे चित्रीकरणही पाहण्याजोगे आहे. पाच माणसे काय काय करतात हे दिसले, की आवाजाचे गूढ कमी होते.

दुसरा टप्पा ‘द बेंड्स’. ‘फेक प्लॅस्टिक ट्रीज’, ‘हाय अँड ड्राय’ आणि ‘स्ट्रीट स्पिरिट’ ही गाणी सरळ गिटारची आहेत. तिसरा टप्पा ‘ओके कॉम्प्युटर’. तो मात्र सलग ऐकावा. इंग्लंडमधील बाथजवळच्या एका जुन्या वाड्यात त्याचे बरेच ध्वनिमुद्रण झाले आणि ‘एक्झिट म्युझिक’मधील आवाजाचा घुमारा तिथल्या दगडी जिन्याचा आहे. एवढे कान तयार झाल्यावर ‘किड ए’ रात्री, हेडफोन लावून ऐकावा. ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ने सुरुवात करून गाणे बदलण्याचा मोह टाळावा. शेवटी ‘अ मून शेप्ड पूल’. यातली गाणी इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेली आहेत आणि तंतुवाद्यांचा वापर विपुल आहे. अखेरचे ‘ट्रू लव्ह वेट्स’ बँड १९९५ पासून मंचावर गात होता, पण स्टुडिओतील मुद्रण यायला २०१६ उजाडले. २००१ च्या प्रत्यक्ष कार्यक्रमातील गिटारवरचे आणि २०१६ मधील पियानोवरचे, अशी दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली, तर पंधरा वर्षांत एकाच गाण्याचे वय कसे वाढते ते कळते.

संगीताबाहेर या बँडचे महत्त्व काय?

‘ईएमआय’बरोबरचा करार संपल्यानंतर १० ऑक्टोबर २००७ रोजी बँडने ‘इन रेनबोज’ स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत श्रोत्यानेच ठरवावी, असे सांगितले. शून्य रक्कम भरूनही तो उतरवून घेता येत होता. चोरट्या प्रतींमुळे संगीत कंपन्या हवालदिल झालेल्या काळात हा निर्णय खळबळजनक ठरला. नंतर सीडी बाजारात आली तेव्हा तीही ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. मात्र आधीच जगप्रसिद्ध असलेल्या बँडला हे परवडते, नवख्यांनी काय करायचे, ही टीकाही तेव्हा झाली.

२०१९ मध्ये ‘ओके कॉम्प्युटर’च्या काळातील सुमारे १८ तासांची कच्ची ध्वनिमुद्रणे चोरीला गेली आणि खंडणी मागितली गेली. बँडने खंडणी देण्याऐवजी ती मुद्रणेच १८ पौंडांना विक्रीस ठेवली आणि मिळालेले पैसे ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या पर्यावरणवादी चळवळीला दिले.

भारताशी काही धागा आहे का?

आहे, आणि तो जोधपूरचा. २०१५ मध्ये जॉनी ग्रीनवूड आणि बँडचे निर्माते नायजेल गॉडरिच यांनी मेहरानगड किल्ल्यात मुक्काम ठोकून इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी वादक-गायकांसह ‘जुनून’ हा अल्बम केला. त्यात कव्वाली आहे, मांगणियार परंपरेतील कलाकार आहेत आणि बँडबाजाही. ग्रीनवूड त्यात स्वतः पुढे न येता साथीदाराच्या भूमिकेत राहतो. दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन यांनी याच नावाचा माहितीपट केला. ज्यांना इंग्रजी रॉक परका वाटतो, त्यांच्यासाठी ‘जुनून’ हे मागचे दार ठरू शकते.

बँडवर टीका कोणती होते?

सर्वांत तीव्र टीका राजकीय आहे. पॅलेस्टिनींच्या प्रश्नावरून सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन अनेक कलावंतांनी केले असतानाही २०१७ मध्ये बँडने तेल अवीवमध्ये कार्यक्रम केला. अन्यायाविरुद्ध गाणाऱ्यांनी असे करावे का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांचा पाठलाग करतो आहे. यॉर्कने २०२५ मध्ये निवेदन काढून नेतान्याहू सरकार आणि हमास या दोघांवरही टीका केली. त्याने काहींचे समाधान झाले, अनेकांचे नाही. काही जुन्या चाहत्यांनी या कारणाने ऐकणे सोडले. नव्या श्रोत्याने हेही माहीत करून घेऊन आपला निर्णय करावा.

दुसरी टीका चाहत्यांवर. ‘तुला कळलेच नाही’ हा त्यांचा सूर नवख्याला पळवून लावतो. आवडलेली गोष्ट दुसऱ्यालाही आवडावी ही इच्छा स्वाभाविक. पण शिफारस म्हणजे परीक्षा नव्हे.

एवढा वेळ खर्च करावा का?

हॉर्नबी यांच्या प्रश्नाकडे पुन्हा येण्याची हीच जागा. काम करणाऱ्या माणसाकडे वेळ कमी असतो, हे खरेच. पण २००० मध्ये अल्बम विकत घ्यावा लागत होता आणि फसला तर पैसे वाया जात. आज सगळे संगीत फोनवर आहे. टंचाई आहे ती सलग लक्ष देण्याची. ‘रेडिओहेड’ची उत्तम गाणी पहिल्या तीस सेकंदांत स्वतःला विकत नाहीत. बरीच दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात उघडतात आणि एकदा उघडली, की वर्षानुवर्षे साथ देतात. घरी परततानाच्या एका प्रवासात ‘इन रेनबोज’ पूर्ण होतो. एका आठवड्यात तो तीनदा ऐकावा. चौथ्यांदा आपणहून लावावासा वाटला, तर पुढचा अल्बम. वाटला नाही, तर हा बँड आपल्यासाठी नाही असे मानून खुशाल दुसरे काही ऐकावे. त्यात कोणाचाच कमीपणा नाही.